पळणे, धावणे आणि रनिंग

हारुकी मुराकामीचं धावण्याबद्दलचं पुस्तक मी तीन वेळा वाचलंय. पहिल्यांदा इंजिनिअरिंगला असताना, कोणीतरी पाठवलेल्या पीडीएफवर. तेव्हा मी बस पकडण्यापलीकडे धावत नव्हतो. दुसऱ्यांदा पुण्यात नोकरी लागल्यावर, पहिल्या दहा किलोमीटरच्या तयारीत. आणि तिसऱ्यांदा यंदा जानेवारीत, पालीच्या घरी, आजी गेली त्या आठवड्यात, ओटीवर गोधडी पांघरून, फोनवर. पहिल्या दोन वेळा आवडलेल्या पुस्तकाशी या वेळी माझं भांडण झालं. ते अजून पुरतं मिटलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

'व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग' हे पुस्तक जपानीत २००७ साली आलं, फिलिप गॅब्रिएलचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये. शीर्षक रेमंड कार्व्हरच्या कथासंग्रहाच्या नावावरून घेतलेलं आहे. मुराकामी कार्व्हरचा जपानी अनुवादक. जाझ बार विकून पूर्णवेळ लेखक झालेला माणूस १९८२ मध्ये धावायला लागतो, १९८३ मध्ये भर जुलैच्या उन्हात अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत एकटा धावतो, १९९६ मध्ये होक्काइदोतल्या सारोमा सरोवराकाठी शंभर किलोमीटर पळून काढतो आणि त्यानंतर बराच काळ त्याचं धावण्यातलं मन उडतं. एवढंच आहे. किती किलोमीटर झाले, गुडघा कसा आहे, हवा कशी होती. अथेन्सच्या रस्त्यावर गाड्यांखाली मेलेली कुत्री-मांजरंसुद्धा तो मोजतो. सर्व्हरचे लॉग वाचून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हा सपाटपणा फार भावतो. काय झालं ते लिहायचं, का झालं ते वाचणाऱ्याने शोधावं.

त्यात एक जागा आहे. तो सांगतो की कोणी आपल्यावर अन्यायाने टीका केली, किंवा जो समजून घेईल अशी खात्री होती त्यानेच समजून घेतलं नाही, तर त्या दिवशी आपण नेहमीपेक्षा थोडं जास्त धावतो. दुसऱ्या वाचनात मी तिथे खूण केली होती. रनिंग ग्रुपमध्ये ही कल्पना निरनिराळ्या वेषांत फिरत असते. ब्रेकअप झालं, पाच किलोमीटर जास्त. अप्रेझल वाईट गेलं, टेकडी दोनदा. मीही केलंय, आणि खरंच बरं वाटतं. पण या नियमात दुखावलेला नेहमी धावणारा असतो. धावणाऱ्याने दुसऱ्याला दुखावलं असेल तर किती किलोमीटर, याचं उत्तर पुस्तकात नाही. मुराकामीची बायको अधूनमधून दिसते, जुने मित्र येऊन जातात. पण घरात कोणी आजारी आहे म्हणून त्याचं धावणं चुकलं, असं एकही पान मला आठवत नाही.

माझं काय झालं ते सांगतो. सोमवारी रात्री साडेनऊला बाबांचा फोन आला. आजीला धाप लागलीय, दवाखान्यात नेतोय, जमलं तर बघ. आमच्या घरात 'जमलं तर बघ' याचा अर्थ 'निघ' असा होतो, हे मला अठ्ठावीस वर्षं माहीत आहे. त्या रात्री रिलीज होता. तो साडेबाराला संपला. पुणे ते पाली, खोपोलीत एक्स्प्रेसवे सोडून, अडीच-तीन तासांचा रस्ता. मी निघू शकलो असतो. पण रविवारी मुंबईची हाफ मॅरेथॉन होती आणि शर्यतीच्या आठवड्यात झोप मोडायची नाही असं माझ्या एक्सेल शीटमध्ये लिहिलेलं होतं. सकाळी निघतो, असा मेसेज टाकून झोपलो. आजी पहाटे चारला गेली.

मुंबईची हाफ माहीमहून अंधारात सुटते, सी लिंकवरून जाते, पेडर रोडच्या चढावर माणसाचा हिशेब चुकता करते. सहा महिने मी तो चढ डोक्यात ठेवून वेताळ टेकडीवर सराव केला होता. बिब स्वतः जाऊन घ्यावा लागतो. मी गेलो नाही. संक्रांत बुधवारी आली आणि गेली, शेजारून आलेला तिळगूळ काकूने दारातूनच परत पाठवला. गुरुवारी, शुक्रवारी मी मुराकामी वाचत ओटीवर बसलो.

या दिवसांत एक साधी गोष्ट ध्यानात आली, जी खरं तर शाळेतच यायला हवी होती. मराठीत या क्रियेला दोन शब्द आहेत आणि त्यांची माणसं वेगळी आहेत. पळणारा नेहमी कशापासून तरी दूर जात असतो: पळपुटा, पळवाट, पळ काढणे, पळून जाणे. हातचं सोडून लोक लागतात तेही पळत्याच्याच पाठी. धावणारा मात्र कोणाकडे तरी जातो. तो धावून येतो, मदतीला धावतो. देवाला मारलेल्या हाकेलाही आपण धावा म्हणतो. अर्थात बोलताना आपण दोन्ही शब्द कसेही वापरतो, आणि 'अंगावर धावून जाणे'ही आहेच, तेव्हा मी यावर प्रबंध लिहिणार नाही. पण आम्ही हौशी लोक यातलं काहीच म्हणत नाही. आम्ही 'रनिंग करतो'. हा शब्द आम्ही फॅशनपोटी घेतला असं मला वाटायचं. आता वाटतं, गरजेपोटी घेतला. कोणापासून नाही आणि कोणाकडे नाही, अशा धावण्याला मराठीत शब्दच नव्हता. मुराकामीचं पुस्तक त्या तिसऱ्या शब्दाचं पुस्तक आहे. उत्तम आहे, पण तेवढंच आहे.

शुक्रवारी रात्री मला लता करे आठवल्या. नवीन देशबोईना यांचा 'लता भगवान करे' हा चित्रपट २०२० च्या जानेवारीत आला. ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. गोष्ट वर्तमानपत्रांतून बहुतेकांना ठाऊक आहे: साठी ओलांडलेली मजूर बाई, नवऱ्याच्या तपासणीला पैसे नाहीत, बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात नऊवारी नेसून अनवाणी धावते आणि पहिली येते. चित्रपटात लता करे यांची भूमिका स्वतः लता करे यांनीच केली आहे.

समीक्षा म्हणून या चित्रपटाला नावं ठेवायला जागा आहे. 'एक संघर्ष गाथा' हे उपशीर्षक मला मुळीच आवडत नाही. गाथा म्हटलं की बाई मखरात बसते आणि तपासणीचे पैसे इतके का लागतात हा प्रश्न मखराबाहेर राहतो. पण ज्या बाईने एकदा खरंच गरज म्हणून धाव घेतली, तिने कॅमेऱ्यासमोर ती पुन्हा घेतली, ही गोष्ट मला पटकथेपेक्षा मोठी वाटते. किती टेक झाले असतील? सराईत नटी दमल्याचा अभिनय करते. इथे पळणाऱ्या बाईला अभिनय येत नाही, हाच तिचा गुण आहे. त्या पायांत रनिंगचा डौल नाही. चाल बसवलेली नाही, श्वासाचा हिशेब नाही. धावून जाणे या क्रियापदाचं याहून स्पष्ट चित्र मला ठाऊक नाही. आणि तीन किलोमीटर! माझ्या शीटमध्ये तीन किलोमीटरच्या रनला मी 'रिकव्हरी' म्हणतो.

तिसरी साक्ष ॲलन सिलिटोच्या १९५९ च्या कथेची, 'द लोनलिनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर'. सुधारगृहातला पोरगा, गव्हर्नरला कप जिंकून हवा आहे, आणि पोरगा शेवटच्या टप्प्यात सगळ्यांच्या पुढे असताना मुद्दाम रेंगाळतो, हरतो. ही बंडखोरीची कथा म्हणून शिकवतात. मीही तशीच वाचली होती. मात्र त्या शर्यतीत धावता धावता त्याला आठवतो तो बाप, कॅन्सरने मेलेला, ज्याचं प्रेत याच पोराने पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे तिथे धावणं दुःखावर औषध म्हणून येत नाही. उलट ते दुःखाला वाट करून देतं; एरवी जे डोळ्यांआड ठेवता येतं ते धावताना येतंच. मुराकामी म्हणतो की धावताना डोक्यात एक पोकळी होते. सिलिटोच्या पोराच्या पोकळीत बाप उभा असतो. रविवारनंतर मी सिलिटोच्या बाजूचा आहे.

कारण रविवारी मी धावलो. मुंबईची हाफ सुटत असेल त्या सुमाराला, पहाटे पाचला, पालीत. सुतकात असं करावं की नाही हे मी कोणाला विचारलं नाही. बाबा जागे होते, त्यांनी कडी उघडताना पाहिलं आणि कूस बदलली. देवळाकडे जाता येत नव्हतं, म्हणून वाकणचा रस्ता धरला. वाकण फाट्यापर्यंत जाऊन परत यायचं, आकडा पुरा करायला उरलेलं गावात फिरायचं, असा हिशेब. अंबा नदीच्या पुलावर धुकं होतं. आजी हा पूल ओलांडताना दर वेळी १९८९ चा जांभूळपाड्याचा पूर सांगायची, नदी एका रात्रीत कशी गाव घेऊन गेली ते, आणि मी दर वेळी फोनमध्ये बघायचो. पुढे वालाच्या शेतांत आदल्या रात्रीच्या पोपटीची राख आणि भांबुर्डीचा जळका वास. जाताना सगळं बरं चाललं होतं. परतताना, चौदाव्या-पंधराव्या किलोमीटरला, ते सुरू झालं. साडेबाराला संपलेला रिलीज. अडीच तास. म्हणजे तीन. पहाटे चारच्या आधी तीन. गुणाकार-भागाकार नको, साधी वजाबाकी. ती मी पावलाला पाऊल लावून शंभर वेळा केली, आणि वेग कमी झाला नाही याचीसुद्धा लाज वाटली.

आजी मला म्हणायची, "एवढं धावून परत घरीच यायचं, तर गेलास कशाला रे?" मी हसायचो. तिला एरोबिक बेस समजावण्यात अर्थ नव्हता.

पुलाच्या अलीकडे समोरून एक मिनिडोर आली आणि कचकन थांबली. गावातले एक काका. घाबरलेला चेहरा. "काय झालं? आता कोणाला काय झालं? बस, बस मागे." आमच्या घरातला माणूस त्या आठवड्यात पहाटे रस्त्यावरून धावतोय, याचा त्यांना कळणारा अर्थ एकच होता. मी थांबलो. म्हटलं, "काही नाही काका, रनिंग करतोय."

त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं बरं. कर." आणि गेले. सोमवारी रात्री आजीला त्याच मिनिडोरमधून नेलं होतं. बाबांनी फोन केल्यावर ते जेवणावरून उठून आले होते, हे मला काकूने मंगळवारीच सांगितलं होतं. घड्याळाने तिथे चौपन्न सेकंदांचा थांबा दाखवलाय. उरलेले किलोमीटर मी पुरे केले. ते कशासाठी केले हे मला आजही नीट सांगता येत नाही. सिलिटोच्या पोराइतकी हिंमत असती तर तिथेच थांबलो असतो.

मुराकामीचं ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. मी त्याला खोटं म्हणत नाही. एकटा माणूस स्वतःशी किती प्रामाणिक राहू शकतो याचा तो चोख दाखला आहे. फक्त तो प्रामाणिकपणा एका माणसापुरता आहे, आणि मी माझ्या शीटमधला झोपेचा नियम त्याच्याच सावलीत लिहिला होता. खूण केलेली ती ओळ मी काढलेली नाही. शेजारी तारीख घातली.

दहावा गुरुवारी होता, त्याच दिवशी माघी चतुर्थी. बल्लाळेश्वराच्या यात्रेला गाव फुललेलं, भोंगे, पाळणे, पापडांच्या दुकानांसमोर गर्दी, आणि आम्ही दहा-बारा माणसं नदीवर. कावळा यायला वेळ लावत होता. मिनिडोरवाले काका माझ्याशेजारी उभे होते. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "त्या दिवशी किती झालं रे तुझं?"

"एकवीस."

"किलोमीटर?" त्यांनी सारसगडाकडे बघत हिशेब केला. "माझ्या गाडीत दोनशे तरी घेतले असते मी तुझ्याकडून."