नऊ तत्त्वांचा मजकूर : कर्तृत्व, अन्वय आणि अध्यापन

पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणार्थ जे वाङ्मय निर्माण झाले आहे, त्यात सर रॉबर्ट पील यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या नऊ तत्त्वांइतकी प्रतिष्ठा अन्य मजकुरास क्वचितच लाभली असेल. गुन्ह्यांस प्रतिबंध करणे हे पोलिसांचे आद्य कर्तव्य होय. पोलिसांचे सामर्थ्य लोकांच्या मान्यतेवर अवलंबून असते. बळाचा वापर अखेरचा उपाय म्हणून व तोही किमान प्रमाणात करावा. पोलीस व जनता या परस्परभिन्न कोटी नव्हेत. आणि गुन्ह्यांचा अभाव हीच पोलिसांच्या कार्यक्षमतेची कसोटी होय, असा या तत्त्वांचा सारांश सांगता येईल. पाठ्यपुस्तकांतून ती बहुधा १८२९ सालचे संस्थापकवचन म्हणून पुढे ठेवली जातात. हे नाव आणि हा काल कितपत ग्राह्य आहेत, हा प्रश्न इतिहासाचा आहे तितकाच संहिताचिकित्सेचाही आहे.

प्रथम बाह्य पुरावा पाहू जाता असे दिसते की, पील गृहमंत्री असताना १८२९ साली लंडनच्या पोलीस दलाचा कायदा संमत झाला व २९ सप्टेंबर १८२९ रोजी ते दल रस्त्यावर उतरले. दलाचे पहिले दोन आयुक्त, लष्करी सेवेतून आलेले चार्ल्स रोवन आणि बॅरिस्टर रिचर्ड मेन, यांच्या कारकीर्दीतील सर्वसाधारण सूचनांत गुन्हेप्रतिबंधाला अग्रस्थान दिलेले आढळते. परंतु नऊ कलमांची क्रमबद्ध यादी पील यांच्या भाषणांत नाही व त्या सूचनांतही नाही. ती आढळते विसाव्या शतकाच्या मध्यास, चार्ल्स रीथ या इतिहासकाराच्या ग्रंथांत. १९५६ सालचा ‘अ न्यू स्टडी ऑफ पोलीस हिस्टरी’ हा त्यांपैकीच एक. दलाच्या प्रवर्तकांच्या धोरणाचे सार म्हणून रीथ यांनी ती मांडली. पुढील पाठ्यपुस्तककारांनी हे सार पील यांच्या मुखी घातले. सुसान लेंट्झ व रॉबर्ट चेअर्स यांनी २००७ साली या स्थित्यंतराची चिकित्सा केली. ही तत्त्वे पील यांनी लिहिल्याचा पुरावा नसल्याचे ब्रिटिश गृहखात्यानेही २०१२ साली नमूद केले.

बाह्य पुरावा बाजूस ठेवला तरी अंतर्गत पुरावा पुरेसा बोलका आहे. सातव्या तत्त्वात पोलीस व जनता यांच्या एकरूपतेचा उल्लेख ‘ऐतिहासिक परंपरा’ म्हणून येतो. ज्या दलाचा अद्याप जन्मही झालेला नाही, किंवा ज्यास जन्मून काही महिनेच लोटले आहेत, त्याचा संस्थापक त्या दलाच्या परंपरेचा आधार घेणार नाही. हा शब्दप्रयोग शतकभराच्या अनुभवाकडे मागे वळून पाहणाऱ्या लेखकाचा आहे. प्राचीन ग्रंथांतील प्रक्षेप ओळखताना अभ्यासक ज्या कालविसंगतीचा आधार घेतो, तीच येथेही उपयोगी पडते.

कर्तृत्व चुकीचे ठरले म्हणून विचार त्याज्य ठरतो, असे मात्र नव्हे. दोष विचारात नाही, तो त्यास मिळालेल्या नावाच्या उपयोगात आहे. संस्थापकाचे वचन म्हटले की त्याची चर्चा थांबते व पठण सुरू होते. शिवाय या नावामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. याच पील यांनी आयर्लंडमध्ये मुख्य सचिव असताना १८१४ साली शांतता राखण्यासाठी एक निराळेच दल उभारले होते, आणि आयर्लंडमध्ये पुढे सशस्त्र व केंद्रानुवर्ती पोलीस व्यवस्था विकसित झाली. १८४३ साली सिंध जिंकल्यानंतर चार्ल्स नेपियर यांनी तेथील पोलीस याच आयरिश नमुन्यावर उभे केले, आणि १८६१ च्या भारतीय पोलीस कायद्यामागेही लंडनपेक्षा आयर्लंडची छाया अधिक आहे. म्हणजे भारतीय अधिकाऱ्यास पील यांच्या नावाने जो आदर्श शिकविला जातो, तो त्याच्या वाट्यास आलेल्या संघटनेचा आदर्श नव्हता. हे अंतर ज्यास ठाऊक नाही, त्यास ती तत्त्वे आपल्या व्यवस्थेचे वर्णन वाटू लागतात. वस्तुतः ती त्या व्यवस्थेची परीक्षा आहेत.

भारतात या मजकुराचे पडसाद स्पष्टपणे उमटले ते पोलिसांच्या आचारसंहितेत. ही आचारसंहिता १९६० साली पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत स्वीकारली गेली व १९८५ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने ती सुधारित स्वरूपात राज्यांकडे पाठविली. तिच्या आरंभी संविधाननिष्ठा व नागरिकांचे हक्क आहेत, आणि ही भर मोलाची आहे. किमान बळ, गुन्हेप्रतिबंध, जनतेचे सदस्यत्व व लोकांचे सहकार्य यांविषयीच्या कलमांचे रीथ यांच्या यादीशी असलेले साम्य मात्र शब्दाशब्दांतून जाणवते. अशा साम्यात जे गळते ते अधिक अर्थपूर्ण असते. रीथ यांच्या पहिल्या तत्त्वात गुन्हेप्रतिबंध हा लष्करी बळ व कठोर शिक्षा यांना पर्याय म्हणून येतो. भारतीय कलमात प्रतिबंध राहिला, पर्यायाची कल्पना गेली. सातव्या तत्त्वात पोलीस हे जनता आहेत व जनता ही पोलीस आहे, अशी दुहेरी मांडणी आहे. भारतीय कलमात पोलीस हे जनतेचे सदस्य असल्याचे पूर्वार्धच उरले.

हा भेद मराठीच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. ‘अमुक म्हणजे तमुक’ ही मराठी रचना गणितातील समीकरणासारखी उलटसुलट वाचता येत नाही. तिच्यात आधी येणारे पद विवरणाचा विषय असते व नंतरचे पद त्याचे विवरण. ‘पोलीस म्हणजे जनता’ म्हटल्याने पोलिसांचे स्वरूप सांगितले जाते. जनतेच्या अंगी काही कर्तव्य वा अधिकार येतो, असे त्यातून निष्पन्न होत नाही. त्यासाठी उत्तरार्ध स्वतंत्रपणे उच्चारावाच लागतो. तो गळाला की उरते ते केवळ सौजन्य. भागीदारी उरत नाही.

नवव्या तत्त्वाच्या अध्यापनात तर अर्थाची चूक थेट फिर्यादीच्या जिवावर बेतते. गुन्ह्यांचा अभाव ही कसोटी मानली, तरी ठाण्याच्या दप्तरास गुन्हा दिसत नाही. त्यास दिसते ती नोंद. गुन्हा आणि नोंद हे दोन शब्द समानार्थी मानले की नोंद टाळणे हाच यशाचा सोपा मार्ग ठरतो, व फिर्याद घेऊन आलेला मनुष्य ठाण्याच्या पायरीवरून परत जातो. दखलपात्र गुन्हा उघड करणारी खबर नोंदविणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठास नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगावे लागले, यावरून हा धोका काल्पनिक नाही हे ध्यानी येईल. ठाणे अंमलदारास हे तत्त्व शिकविताना पहिला धडा या दोन शब्दांतील अंतराचाच असला पाहिजे.

गळालेल्या उत्तरार्धाचा शोध महाराष्ट्रात घ्यावयाचा, तर तो १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमान्वये नेमल्या जाणाऱ्या पोलीस पाटलापाशी घ्यावा लागेल. तो गावचाच रहिवासी, मानधनावर काम करणारा. गुन्ह्याची खबर ठाण्यास देणे व गावात गुन्हा होऊ न देणे ही त्याची कर्तव्ये. ‘पोलीस पाटील’ या समासात पाटील हे पद प्रधान आहे आणि पोलीस हे त्याचे विशेषण. गावकऱ्याच्या अंगी पोलीसपण येते ते असे, गावकरीपण न सोडता. वतनदारीच्या इतिहासामुळे या पदास अधिकाराचा व जातीचा वारसाही चिकटलेला आहे, हे विसरता येत नाही. तथापि पोलीस प्रशिक्षणाच्या वर्गात नऊ तत्त्वे लंडनच्या आदेशाप्रमाणे घोकण्यापेक्षा या समासाचा विग्रह करून पाहिला, तर जनता ही पोलीस आहे या विधानाचा अर्थ आणि त्याची किंमत दोन्ही अधिक लवकर उमगतील.