‘एम आणि हूमराव’ : वाचकाचे आत्मकथन आणि रसविघ्न

भावनोत्कट कादंबरी वाचून वाचक जे बोलतो त्याची समीक्षेत सहसा दखल घेतली जात नाही. वाचकाचे हेलावणे हा त्याच्या स्वभावाचा भाग, कृतीचा गुण नव्हे, असे मानण्याची रीत आहे. जेरी पिंटो यांच्या ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) या इंग्रजी कादंबरीने ही रीत तपासून पाहण्याचा प्रसंग आणला आहे. माहीमच्या लहानशा घरात राहणारे मेंडिस हे गोव्याकडचे ख्रिस्ती कुटुंब, उन्माद व विषाद यांच्या फेऱ्यांत सापडलेली आई इमेल्डा ऊर्फ एम, मितभाषी वडील, मुलगी सूझन आणि निवेदन करणारा मुलगा, एवढाच तिचा परिवार. तिला २०१६ सालचा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. शांता गोखले यांनी ती ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली.

या कादंबरीला मिळालेला प्रतिसाद विशेष प्रकारचा आहे. अनेक वाचकांनी लेखकाला कादंबरीविषयीचे मत सांगण्याऐवजी स्वतःच्या घरातील हकीकत सांगितली. त्यातूनच आप्तांच्या मनोविकाराविषयी निरनिराळ्या व्यक्तींनी लिहिलेल्या अनुभवांचे ‘अ बुक ऑफ लाइट’ (२०१६) हे संकलन पिंटो यांनी सिद्ध केले. एका कादंबरीच्या वाचनातून दुसरा ग्रंथ निर्माण व्हावा, ही घटना उपेक्षणीय नव्हे.

शास्त्राची साक्ष मात्र या वाचकांच्या विरुद्ध जाते. अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणे, हे होय. आय. ए. रिचर्ड्स यांनीही ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये (१९२९) वाचकाच्या अप्रस्तुत खाजगी स्मृतींची गणना काव्यवाचनातील अडचणींत केली आहे. या दोन्ही निकषांवर ‘आमच्या घरीही असेच होते’ असे म्हणणारा वाचक कादंबरीपासून दूर गेला, असेच ठरेल.

हा निर्णय या कादंबरीपुरता घाईचा आहे. जयवंत दळवी यांच्या ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीशी व तीवरून सिद्ध झालेल्या ‘बॅरिस्टर’ (१९७७) या नाटकाशी तुलना केल्यास त्याचे कारण ध्यानी येते. तेथे घराण्यातील वेड ही नियती आहे. ती वाड्यावर सावलीसारखी पसरते आणि प्रेक्षक तिच्याकडे भयाने व करुणेने, परंतु बाहेरून पाहतो. पिंटो यांच्या कादंबरीत आजार चहाच्या पेल्याशी आणि विडीच्या धुराशी बसून गप्पा मारतो. मुलगा आईला प्रश्न विचारतो, तिची पत्रे व टिपणे जपतो, आणि हे आपल्याही वाट्याला येईल काय, या धास्तीने तो ऐकत असतो. म्हणजे निवेदकच ‘निजसुखादी’ने विवश आहे. जी विवशता कृतीच्या रचनेतच गोवलेली आहे, ती वाचकात उमटली तर तिला केवळ विघ्न म्हणता येणार नाही.

मराठी अनुवादात या प्रक्रियेला भाषेचे साहाय्य मिळते. ‘हूमराव’मधील ‘राव’ वडिलांना थोडा मिस्किल असा आदर बहाल करतो, तर आईच्या वाट्याला एका अक्षराएवढे नाव येते. ‘अहो’ आणि ‘अगं’ यांच्यामधील हे अंतर मराठी घराला परिचित असल्याने माहीमचे ते घर परके राहत नाही. ‘वेड’ शब्दाचेही तसेच. १९१२चा ल्युनसी अ‍ॅक्ट, १९८७चा मानसिक आरोग्य कायदा आणि २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा यांच्या ओघात शासकीय परिभाषा बदलली. ‘वेड्यांचे इस्पितळ’ जाऊन ‘मनोरुग्णालय’ आले. बोलीत मात्र जुने अर्थ टिकून आहेत. भिवंडीकराला ठाणे हे जिल्ह्याचे ठिकाण. पण १९०१ साली तेथे स्थापन झालेल्या मनोरुग्णालयामुळे ‘ठाण्याला पाठवणे’ या प्रयोगाला कचेरीच्या कामाखेरीज दुसराही अर्थ चिकटला, आणि तो हलक्या आवाजात किंवा थट्टेत उच्चारला जातो. उलट ‘वेडी कुठली!’ हे लाडाचे बोलणे. परिभाषेत माया नाही आणि बोलीत लाज आहे; या दोहोंमध्ये अडकलेल्या कुटुंबाला बोलण्यासाठी तिसरी भाषा हवी असते. एमचे घर आजारासमोरही थट्टा करू शकते. वाचकाला ती तिसरी भाषा तेथे सापडते.

तथापि अभिनवगुप्तांचा इशारा सर्वस्वी व्यर्थ नाही. स्वतःची हकीकत सांगण्याच्या भरात वाचक एमला रोगाचे नाव करून टाकतो, तेव्हा तिचा फटकळपणा, शब्दांशी चाललेला खेळ, मुलांना अवघडून टाकणारा मोकळेपणा हे सारे गळून पडते आणि कादंबरीचे रुग्णपत्र होते. सहानुभूतीने केलेला असला तरी हा अन्यायच; कारण मनोरुग्णाचे बोलणे हे केवळ लक्षण मानण्याची जी सवय समाजाला आहे, तीच येथे वाचनाच्या रूपाने पुन्हा येते.

तेव्हा प्रतिसादाची कसोटी अश्रूंत किंवा आत्मकथनात शोधू नये. स्वतःच्या घराविषयी बोलताना वाचकाला आपल्या माणसाचे शब्द, त्याचा विनोद, त्याचा हट्ट आठवतो की केवळ त्याचा आजार आठवतो, हे पाहावे. पहिल्या प्रकारचा वाचक कादंबरीपासून दूर गेलेला नसतो. निवेदकाने जे ऐकणे आरंभिले, तेच तो आपल्या घरी पुढे चालवीत असतो. दुसऱ्या प्रकारच्या वाचकाला एम भेटलेलीच नसते. ‘विघ्न’ हा शब्द वापरावयाचा तर तो येथे वापरावा.