‘कोणी पाहिले?’ : मानवाची उत्क्रांती आणि आपली शिकवण

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याजवळ शिंद्यांचा जुना गोरखी वाडा आहे. गोरखीची शाळा अटलबिहारी वाजपेयी यांच्या विद्यार्थिदशेमुळे अनेकांस ठाऊक आहे. या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतील मूल दहावीचे विज्ञान एनसीईआरटीच्या पुस्तकातून शिकते. त्याचे नगरचे वा सोलापूरचे चुलत भावंड ते बालभारतीच्या पुस्तकातून शिकते. बालभारतीच्या दुसऱ्या भागातील पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. एनसीईआरटीचा ‘आनुवंशिकता एवं जैव विकास’ हा पाठ मात्र २०२३ साली निव्वळ ‘आनुवंशिकता’ होऊन राहिला. कोरोनाकाळातील अभ्यासाचा भार हलका करणे हे कारण देण्यात आले, आणि बारावीच्या जीवशास्त्रात विषय आहेच, असेही सांगण्यात आले. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व इतरांनी त्याविरुद्ध पत्रक काढले. दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्याने हा विषय कोठे शिकावा?

पाठ गाळला गेला म्हणून श्रद्धेचे काही भले झाले, असे आपल्यापैकी कोणास वाटत असल्यास आम्हांस ते मान्य नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथील वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरविला होता. वानराचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी लिहून वा सांगून ठेवलेले नाही, हा त्यांचा मुद्दा. देशातील तीन विज्ञान अकादमींनी त्याचा संयुक्त निषेध केला आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधाने टाळण्यास त्यांना सांगितले.

संमेलन वैदिक होते म्हणून आपण निश्चिंत राहू नये. हाच मुद्दा ख्रिस्ती व्यासपीठावरूनही ऐकू येतो, आणि तेथे तो अधिकच विपरीत ठरतो. जे कोणी पाहिले नाही ते झाले नाही, असे म्हटल्यास उत्पत्तीचा पहिला अध्याय तरी कोणी पाहिला? पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, हा प्रश्न परमेश्वराने ईयोबास केला. तो विज्ञानाच्या अभ्यासकास जितका लागू आहे तितकाच उपदेशकासही आहे. शिवाय आजच्या वानराचा माणूस झाला, असे विज्ञान म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक होते, एवढेच ते म्हणते. प्रतिपक्षाचे म्हणणे नीट न वाचता त्याचे खंडन करणे ही आपल्याकडील जुनी खोड आहे.

साक्ष केवळ डोळ्यांची नसते. ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांस नर्मदाकाठी हथनोरा येथे एका प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. हे गाव मध्य प्रदेशातच, होशंगाबादजवळ (आताचे नर्मदापुरम) आहे. ज्या राज्याच्या मातीने ही साक्ष दिली, त्याच राज्यातील मुलांच्या दहावीच्या पुस्तकातून तिचा विषय निघून जावा, हे आम्हांस विशेष खटकते.

आकाश, पृथ्वी व प्राणी यांविषयी अज्ञानाने बोलणारा ख्रिस्ती मनुष्य पवित्र शास्त्रालाच हास्यास्पद करतो, असा इशारा संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी, उत्पत्तीवरील आपल्या भाष्यात दिला होता. तेव्हा डार्विन जन्मण्यास चौदा शतके अवकाश होता. त्याच उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्य मातीचा आहे. मातीपासून माणसापर्यंतची वाट किती लांबीची होती, हे तो अध्याय सांगत नाही. त्या मातीत श्वास कोणाचा, हे सांगतो.

तथापि सारे येथे मिटत नाही, आणि मिटले असे भासविणाऱ्या पुस्तिकांशी आमचा वाद आहे. खरी अडचण रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. एका मनुष्याच्या द्वारे पाप आणि एका मनुष्याच्या द्वारे कृपा, ही पौलाची मांडणी. जनुकशास्त्र मात्र मानवजातीचे मूळ एका जोडप्यात नव्हे, तर काही हजारांच्या समूहात शोधते. पोप पायस बारावे यांनी १९५० साली मानवी देहाच्या उगमाविषयी संशोधनास मुभा दिली. परंतु अनेक आदिपुरुष मानणे मूळ पापाच्या शिकवणीशी कसे जुळावे, हे दिसत नाही, असेही म्हटले. जॉन पॉल दुसरे १९९६ साली उत्क्रांतीस निव्वळ तर्कापेक्षा अधिक मानण्यापर्यंत आले. या गाठीला मात्र त्यांनी त्या संदेशात हात घातला नाही. आदाम ही व्यक्ती की सर्व मानवजातीचे नाव, हे आपल्या मराठी धर्मशिक्षणाच्या पुस्तकांतून मोकळेपणाने मांडले गेले पाहिजे. पाचव्या अध्यायाचा पाठ देताना वर्गातील एखादे मूल हे विचारीलच. बालभारतीचा तो पहिला पाठ वाचलेले मूल तर निश्चित विचारील.