सोडवून दिलेले उदाहरण

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याचे गणिताचे किंवा भौतिकशास्त्राचे उदाहरण घरी अडले, की तो बहुधा गाइड उघडतो. अलीकडे गाइडच्या जोडीला मोबाइल आला आहे. उदाहरणाचे छायाचित्र काढले की उत्तर सगळ्या पायऱ्यांसह समोर येते. साधन बदलले, पण हाती पडणारी वस्तू तीच राहिली : सोडवून दिलेले उदाहरण. या वस्तूचे गुणदोष आपण येथे तपासून पाहू.

आधी गुण पाहू. विद्यार्थ्याने स्वतःच झगडावे, तयार उत्तर पाहू नये, असे म्हणणे सोपे आहे. पण ज्या गावात कॅल्क्युलस विचारायला कोणी नाही आणि शिकवणी परवडत नाही, तेथे गाइड हाच एक शिक्षक असतो. शिवाय नवख्याला सोडवलेल्या उदाहरणांचा खरोखर उपयोग होतो. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. सोडवलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांना तशाच प्रकारची नवी उदाहरणे लवकर सुटली. मात्र हा फायदा त्याच प्रकारापुरता राहिला. प्रश्नाची घडण बदलली की तो दिसेना. गुण आणि मर्यादा दोन्ही येथे एकत्रच दिसतात.

ही मर्यादा कोठून येते? एक नेहमीचे उदाहरण घेऊ. ५ मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकली आहे. तिचे खालचे टोक सेकंदाला १ मीटर वेगाने भिंतीपासून दूर ओढले जाते. ते भिंतीपासून ३ मीटरवर असताना वरचे टोक किती वेगाने खाली येत असेल?

गाइडमधले उत्तर चार ओळींचे असते. भिंतीपासूनचे अंतर क्ष आणि उंची य मानली, तर क्ष² + य² = २५. दोन्ही बाजूंचे काळाच्या संदर्भात विकलन केले, की वरच्या टोकाचा वेग हा खालच्या टोकाच्या वेगाच्या क्ष/य पट येतो. क्ष = ३, य = ४ घातले की उत्तर सेकंदाला ०.७५ मीटर. सारे बरोबर आहे, पण दोन गोष्टी राहून गेल्या.

पहिली गोष्ट : ३ हा आकडा विकलनानंतरच का घालायचा? अनेक मुले तो आधी घालतात आणि अडतात. आधी घातला की अंतर स्थिर होते, स्थिर राशीचे विकलन शून्य येते आणि प्रश्नातली हालचालच नाहीशी होते. गाइड योग्य क्रम पाळते, पण त्याचे कारण सांगत नाही. दुसरी गोष्ट : वरचे टोक जमिनीपासून १ सेंटिमीटरवर आले, की हेच सूत्र सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेग देते, म्हणजे ध्वनीपेक्षाही अधिक! अशी शिडी कोणी पाहिलेली नाही. तेव्हा वरचे टोक शेवटपर्यंत भिंतीला चिकटून राहते हे गृहीतच कोठेतरी मोडले असले पाहिजे. खरी शिडी त्याआधीच भिंत सोडते. गणित चुकलेले नाही, त्याची हद्द संपली आहे. पण उत्तराखाली दोन रेघा मारल्यावर हा विचार कोण करणार?

भौतिकशास्त्रातही असेच घडते. २५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. तो जमिनीवर केव्हा पडेल? गुरुत्वत्वरण १० धरले तर वर्गसमीकरणाची दोन उत्तरे येतात : ५ सेकंद आणि उणे १ सेकंद. गाइड म्हणते, 'काळ ऋण नसतो, म्हणून दुसरे उत्तर सोडून दिले.' खरे तर त्या उत्तराला अर्थ आहे. हाच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून सेकंदाला ३० मीटर वेगाने वर फेकला असता, तर गच्चीपाशी त्याचा वेग बरोबर २० झाला असता. पाच सेकंदांनी तो जमिनीवर आदळतो, तोही ३० च्याच वेगाने. समीकरणाला गच्चीवरचा मुलगा माहीत नसतो, फक्त चेंडूची गती माहीत असते. हे समजले तर वर्गसमीकरण आणि गती यांचे नाते कायमचे ध्यानात राहील. 'सोडून दिले' या दोन शब्दांत ते निसटते.

म्हणजे दोष सोडवून देण्यात नाही, दोन ओळींमधल्या मौनात आहे. अमेरिकेतील मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांचा १९८९ चा अभ्यास याला पुष्टी देतो. त्यांनी यामिकीची सोडवलेली उदाहरणे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करायला सांगितले. पुढे चांगली उदाहरणे सोडवणारी मुले वाचताना प्रत्येक पायरीचे कारण स्वतःला समजावत होती, आणि कोठे कळले नाही तेही ओळखत होती. मागे पडणाऱ्यांना बहुधा सगळे कळल्यासारखे वाटत होते.

चांगल्या पुस्तकांनी या मौनावर वेगवेगळे उपाय योजले आहेत. रशियन लेखक इरोदोव यांच्या उदाहरणसंग्रहात उत्तरे आहेत, पण सूचना फक्त अवघड उदाहरणांना आहेत. तयारीच्या विद्यार्थ्याला तो चालतो, एकट्या नवख्याला निराश करतो. एच. सी. वर्मा यांचे १९९२ चे पुस्तक काही उदाहरणे सोडवून दाखवते आणि बाकीच्यांची केवळ उत्तरे देते. हा समतोल आम्हांला अधिक पटतो. जॉर्ज पोल्या यांनी तर १९४५ च्या आपल्या पुस्तकात उत्तराऐवजी प्रश्नच हाती दिले : काय काढायचे आहे? काय दिले आहे? उत्तर पडताळता येईल का?

आपल्याकडे याआधीची एक पायरी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला प्रश्नाची इंग्रजीच अडवते. 'स्मूथ' म्हणजे घर्षण नाही, 'लाइट' दोरी म्हणजे वस्तुमान नगण्य, 'फ्रॉम रेस्ट' म्हणजे आरंभीचा वेग शून्य. येथे शब्द हीच दिलेली माहिती असते. असे उदाहरण मराठीत पुन्हा सांगायला लावले, तर अर्धी अडचण तेथेच संपते.

म्हणून गाइडवर बंदी घालण्यात अर्थ नाही. गृहपाठाच्या वहीत उत्तराखाली दोन ओळी मागाव्यात : ही पायरी का घेतली, आणि आकडे बदलले तर उत्तर कोठवर खरे राहील. या दोन ओळी गाइडमधून उतरवता येत नाहीत. त्या लिहिता आल्या, तर उदाहरण मुलाने सोडवले असे खुशाल समजावे, मग आधीच्या चार ओळी कोठून का आलेल्या असेनात.