हायड्रोजन कुठून आला?

अमोनियाचा धडा वर्गात सहसा एकाच पद्धतीने होतो. हवेतला नायट्रोजन घ्यायचा, हायड्रोजनशी मिसळायचा, दाब वाढवायचा, लोखंडाचा उत्प्रेरक वापरायचा, झाला अमोनिया. मग हेबर आणि बॉश ही नावे, ओपाऊचा १९१३ सालचा कारखाना, आणि धडा संपला. यात चूक काही नाही. पण हायड्रोजन कुठून आला, हा प्रश्न कुणी विचारत नाही. ही उणीव आम्हाला किरकोळ वाटत नाही, कारण कारखान्याचा बराचसा खर्च आणि बराचसा धूर या एका प्रश्नाशीच निगडित आहे.

आपल्याकडे खतासाठीचा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूतून मिळतो. त्यातला मीथेन आणि वाफ सुमारे ८०० अंश सेल्सियसला निकेलच्या उत्प्रेरकावरून नेली, की मीथेनच्या एका रेणूपासून कार्बन मोनॉक्साइडचा एक आणि हायड्रोजनचे तीन रेणू मिळतात. अमोनिया करणाऱ्याला हा कार्बन मोनॉक्साइड नकोसा असतो, कारण तो लोखंडी उत्प्रेरक निकामी करतो. मिथेनॉल करणाऱ्याला मात्र तोच हवा असतो. त्याच्या एका रेणूला हायड्रोजनचे दोन रेणू पुरतात, एक उरतो. एकाला नको ते दुसऱ्याला हवे, म्हणून ही दोन उत्पादने एकत्र घेता येतात. जर्मनीत लॉयना येथे १९२३ साली मिथेनॉल तयार होऊ लागले, तेही अमोनियाच्याच कारखान्यात. मुंबईत ट्रॉम्बेच्या खतकारखान्यातही दोन्ही पदार्थ बनत आले आहेत.

हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. मीथेनचे तीन, पाण्याचे तीन आणि नायट्रोजनचा एक रेणू. त्यांपासून मिथेनॉलचे तीन आणि अमोनियाचे दोन. अणू मोजा, दोन्ही बाजू जुळतात. कार्बनचा एकही अणू हवेत जात नाही.

इथेच दुसरी टीका करायला हवी. ‘काहीच वाया जात नाही’ ही जाहिरात कागदावरच खरी. पहिली क्रिया उष्णता शोषणारी आहे. भट्टी पेटती ठेवायला आणखी वायू जाळावा लागतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून बाहेर पडतोच. शिवाय अमोनियाचा युरिया करायचा, तर कार्बन डायऑक्साइड हवा. मीथेनच्या तीन रेणूंपासून फक्त अमोनिया केला, तर कागदावर त्याचे आठ रेणू मिळतात आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन. आठ रेणूंचा युरिया करायला मात्र चार लागतात! आधीच तूट, त्यात कार्बन मिथेनॉलकडे वळवला तर ती वाढणार. म्हणजे जोड-उत्पादन चांगले की वाईट, हे अमोनियाचे पुढे काय करायचे यावर ठरते.

‘हवेतून खत’ एवढेच ऐकलेल्या विद्यार्थ्याला, आयात वायू महागला की खताच्या अनुदानाचा बोजा का वाढतो, हे उमगणार नाही. ‘हरित अमोनिया’ या नव्या शब्दात नायट्रोजन तोच असून केवळ हायड्रोजनचा उगम बदलतो, हेही त्याच्या ध्यानात येणार नाही. त्यासाठी अभ्यासक्रम वाढवायची गरज नाही. समीकरणातल्या प्रत्येक पदार्थाखाली ‘हा कुठून आला आणि पुढे कुठे जातो?’ एवढे लिहायला सांगावे.