ईयोबाचा प्रश्न आणि क्रुसावरील प्रश्न

ज्यू धर्मग्रंथातला माणूस दुःखाबद्दल देवाशी भांडतो आणि ख्रिस्ती धर्मग्रंथातला माणूस ते दुःख शिरसावंद्य मानतो, असे एक सुटसुटीत विधान वारंवार कानी येते. विधान सोयीचे आहे; म्हणूनच ते तपासून पाहावेसे वाटते. हे दोन्ही ग्रंथ मी श्रद्धावंताच्या नव्हे, साहित्याच्या वाचकाच्या नात्याने वाचत आलो आहे, आणि त्या वाचनात मला हे विधान फार तर अर्धे खरे वाटले आहे. भेद आहे आणि तो मोठाही आहे. पण तो तक्रार आणि स्वीकार यांमधला नाही.

प्रथम ईयोबाचा ग्रंथ घेऊ. त्याचे बेचाळीस अध्याय आहेत. आरंभीचे दोन अध्याय व शेवटचा थोडा भाग गद्यात आहे. मधले सारे विस्तीर्ण काव्य आहे. गद्यातला ईयोब गुरेढोरे, मुलेबाळे, शरीरस्वास्थ्य असे सर्व गमावूनही देवाला दोष देत नाही. काव्यातला ईयोब मात्र तोंड उघडतो तो आपल्या जन्मदिवसाला शाप देण्यासाठी! एकाच नावाची ही दोन माणसे एका ग्रंथात शेजारी शेजारी बसविणाऱ्याला त्यांच्यातली विसंगती दिसली नसेल, असे मला वाटत नाही. सोशीक ईयोबाची कथा लोकांना ठाऊक असावी. कवीने तिची चौकट ठेवली आणि आत दुसराच माणूस उभा केला.

त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, सांत्वनाला येतात. त्यांचा युक्तिवाद आपल्याला परका नाही. प्रारब्ध आणि पूर्वकर्म या शब्दांवर वाढलेल्या मराठी वाचकाला तो ताबडतोब ओळखू येईल. देव न्यायी आहे. तू दुःखी आहेस. अर्थात तुझ्या हातून काही पाप घडले असले पाहिजे. फरक इतकाच, की पुनर्जन्माची सोय नसल्यामुळे या मित्रांना ते पाप याच जन्मात शोधावे लागते, आणि सापडत नाही तेव्हा ते रचावे लागते. अलीफज अखेरीस निर्दोष मित्रावर विधवांना आणि पोरक्यांना नाडल्याचा आरोप करतो. सिद्धांत वाचविण्यासाठी माणसाची अब्रू घ्यावी लागते, हे कवीने येथे दाखविले आहे.

शेवटी देव वावटळीतून बोलतो. पण ईयोबाच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो उलट प्रश्नच विचारतो : पृथ्वीच्या पायाविषयी, हिमाच्या कोठारांविषयी, रानगाढव आणि शहामृग यांच्याविषयी. पुष्कळ टीकाकारांनी याला देवाची दडपशाही म्हटले आहे. कार्ल युंग यांनी १९५२ साली ईयोबावर लिहिलेल्या पुस्तकात तर नीतीच्या दृष्टीने ईयोब देवापेक्षा वरचढ ठरतो, असा पक्ष मांडला. मला मात्र या भाषणाइतकेच महत्त्व त्यानंतरच्या निवाड्याचे वाटते. देव अलीफजला सांगतो, की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, ईयोब बोलला. देवाची वकिली करणारे चुकले आणि त्याच्यावर फिर्याद करणारा बरोबर ठरला. धर्मग्रंथाने आपल्याच कैवाऱ्यांविरुद्ध असा निकाल दिल्याची उदाहरणे फार नसावीत.

पण एवढ्यावरून ज्यू परंपरेला निव्वळ बंडखोरीची परंपरा म्हणता येत नाही. यरुशलेमचे मंदिर इ. स. पू. ५८६ च्या सुमारास पडले. त्याचा आक्रोश करणाऱ्या विलापगीताच्या पाच कविता आव महिन्याच्या नवमीस आजही सभास्थानांतून वाचल्या जातात. त्यांपैकी चार हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने बांधलेल्या आहेत. पाचवीत कडवी बावीसच, पण अक्षरक्रम सुटलेला. तिचा शेवट, देवाने आम्हांला कायमचे टाकले की काय, या शंकेवर होतो. मात्र सभास्थानात त्या शंकेवर वाचन थांबवीत नाहीत. तिच्या आधीचे, परत फिरविण्याची विनवणी करणारे वचन पुन्हा म्हणतात. ग्रंथाने प्रश्न उघडा ठेवला, आणि उपासनेने त्यावर हळूच हात ठेवला. दोन्ही गोष्टी त्याच परंपरेच्या आहेत.

आता नव्या कराराकडे वळू. तेथेही मित्रांचा सिद्धांत नाकारलेला आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय खोडून काढतो. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेली अठरा माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती, असेही तो सांगतो. दोन्ही ग्रंथांचा रस्ता येथपर्यंत एकच आहे. फाटा फुटतो तो पुढे. जन्मांधाच्या बाबतीत येशू लगेच म्हणतो, की देवाचे कार्य प्रकट व्हावे म्हणून हे आहे. दुःखाला कारण नाही, पण प्रयोजन आहे. ईयोबाला अंतापर्यंत कोणी प्रयोजनही सांगत नाही. स्वर्गातल्या दरबारात झालेली पैज वाचकाला माहीत असते, ईयोबाला कधीच कळत नाही.

क्रुसावरच्या शेवटच्या उद्गाराची शुभवर्तमानांतली रूपे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. मार्कचा येशू बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ उच्चारतो. देवाने आपल्याला का सोडले, हा त्याचा प्रश्न आहे. लूकचा येशू त्या जागी एकतिसाव्या स्तोत्रातल्या शब्दांनी आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवितो. योहानाचा येशू कार्य पुरे झाल्याचे सांगतो. प्रश्न, समर्पण, परिपूर्ती! तिघेही त्याच मरणाचे वर्णन करीत आहेत. मार्कचे शुभवर्तमान सर्वांत जुने मानतात. त्याच्या चौथ्या शतकातल्या दोन प्रमुख हस्तलिखितांत कथा रिकाम्या थडग्यापासून भयाने पळणाऱ्या स्त्रियांपाशी थांबते. पुढची वचने तेथे नाहीत. ईयोबाला नव्या करारात सख्खा भाऊ असलाच तर तो मार्कच्या या पानांत आहे. उलट याकोबाच्या पत्राला ईयोबाची आठवण होते ती त्याच्या धीरासाठी. म्हणजे त्याने चौकटीतला ईयोब उचलला आणि काव्यातला तेथेच ठेवला.

देव स्वतः दुःख भोगतो, हा ख्रिस्ती धर्माचा विशेष म्हणतात. तेही जपून म्हणावे. देवाचे सान्निध्य इस्राएलाबरोबर हद्दपारीत गेले, असे तालमूद सांगतो. वॉर्साच्या कोंडवाड्यात १९४० ते १९४२ या काळात रब्बी कालोनिमुस शापिरा यांनी दिलेली, युद्धानंतर सापडून १९६० साली छापली गेलेली प्रवचने आतल्या दालनात रडणाऱ्या देवाविषयी बोलतात. फरक आहे तो वेगळा. येथे देव लोकांच्या दुःखात सहभागी आहे. तेथे एकाचे दुःख सर्वांसाठी आहे आणि त्याने काहीतरी साध्य होते.

हा फरक सर्वांत तीव्र होतो तो यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायावरून. तुच्छ लेखलेला, इतरांचे व्याधी वाहणारा तो सेवक कोण? प्रेषितांच्या कृत्यांत एक हबशी अधिकारी नेमके हेच विचारतो, आणि फिलिप्प त्याला येशूचे नाव सांगतो. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी म्हणतो, सेवक म्हणजे इस्राएल. त्याच्या हयातीतच, १०९६ साली, क्रुसाचे चिन्ह मिरविणाऱ्या टोळ्यांनी ऱ्हाइनकाठच्या ज्यू वस्त्या कापून काढल्या. सेवकाच्या दुःखाला तारण मानणाऱ्या लोकांनी तोच अध्याय आपला म्हणणाऱ्यांना दुःख दिले, आणि त्या दुःखाला न स्वीकारलेल्या ख्रिस्ताची शिक्षा म्हटले. अलीफजचा सिद्धांत, जो येशूने नाकारला होता, तो त्याच्याच नावाने शतकानुशतके एका समाजावर लादला गेला. येशूच्या मरणाचा दोष सर्व ज्यूंवर ठेवता येत नाही, हे कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत जाहीर केले ते १९६५ साली.

म्हणून मला या दोन ग्रंथांत श्रेष्ठकनिष्ठ ठरवावेसे वाटत नाही. स्वतःच्या दुःखात प्रयोजन पाहण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि कित्येकांना नव्या कराराने तो आधार दिला आहे. दुसऱ्याच्या दुःखाचे प्रयोजन त्याला ऐकविण्याचा अधिकार मात्र दोन्ही ग्रंथ कोणाला देत नाहीत. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर मुकाट बसले होते, आणि तोपर्यंत त्यांचे काही चुकले नव्हते. तालमूदने त्यावरून नियम घालून दिला, की शोक करणारा बोलेपर्यंत समाचाराला आलेल्यांनी बोलू नये. ज्यू घरांत तो नियम अजून पाळला जातो. धर्मग्रंथांवर लिहिणाऱ्यांनाही तो लागू आहे, असे माझे मत आहे.