गायजीसची अंगठी आणि साधू आगाशे

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात पोलिसी चित्रपट कशाला, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. आम्हाला तसं वाटत नाही, आणि दिंडोशीत बसून तर मुळीच वाटत नाही. याच परिसरात दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे, जिथे खोटे गोळीबार ठरल्या वेळी होतात. आणि याच परिसरात सत्र न्यायालय आहे, जिथे खऱ्या गुन्ह्यांचे कागद वर्षानुवर्षं फिरत असतात. आपण सगळे या दोन्हींच्या मध्ये राहतो.

बदनाम झालेला, खात्याने टाकलेला पोलीस अधिकारी देश सोडतो, परक्या मुलखात त्याला प्रेम भेटतं आणि मरणही समोर येतं, हा जगभरच्या थरारकथांचा जुना साचा आहे. आमच्या मते आपल्याकडे त्याचा सर्वांत विचार करायला लावणारा नमुना म्हणजे शिमित अमीन यांचा ‘अब तक छप्पन’. निर्माते राम गोपाल वर्मा, साल २००४. नायक इन्स्पेक्टर साधू आगाशे, म्हणजे नाना पाटेकर. आता तुम्ही म्हणाल, यात प्रेम कुठे आहे? नायकाची बायको तर मारली जाते, आणि परदेश येतो तो अगदी शेवटी. थोडं थांबा. प्रेम आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी आहे.

या चित्रपटाचा पहिला मोठा भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो. माणूस मारणं हे इथे कचेरीतल्या कामासारखं दाखवलं आहे. सकाळी घरून निघायचं, बायकोशी चार शब्द बोलायचे, सहकाऱ्यांची थट्टा करायची, नवा आलेला जतीन आहे त्याला काम शिकवायचं, आणि मध्ये कधीतरी एकाला गोळी घालायची. नानांचा आवाज चढत नाही. रेवती यांनी केलेली नूतन तर इतकी साधी, घरगुती आहे की या माणसाचा पगार कशाचा आहे हे आपण विसरतो. आणि आपण विसरलो हेच दिग्दर्शकाला हवं आहे. आपल्या वर्तमानपत्रांनी त्या काळात ‘चकमकफेम’ असं विशेषण काढलं होतं, एखाद्या नटाला त्याच्या गाजलेल्या भूमिकेवरून ओळखावं तसं. चित्रपटाच्या नावातला छप्पन हा आकडा त्याच भाषेतला. धावा मोजाव्यात तशी माणसं मोजायची.

आता प्रेमाचं. परदेशात बसलेला टोळीप्रमुख जमीर साधूला फोन करतो. हे फोन नीट ऐका. त्यात धमकी कमी आणि गप्पा जास्त आहेत. कौतुक आहे, टोमणे आहेत, एकमेकांची चौकशी आहे. साधूला त्याच्या खात्यात जळणारे पुष्कळ, पण ओळखणारा एकच, आणि तो शत्रू आहे. सिनेमात प्रियाराधन कसं असतं? दूर असलेली दोन माणसं, फक्त आवाजाची ओळख, आणि कधीतरी भेटू अशी ओढ. इथे नेमकं तेच आहे. म्हणून वर्दी गेल्यावर, बायको गेल्यावर, स्वतःचंच खातं मागे लागल्यावर साधू जातो कुठे, तर जमीरकडे. त्याच्याच मदतीने देश सोडतो. भेट होते. आणि त्या भेटीत, हातात पिस्तूल नसताना, फोडलेल्या पेल्याच्या काचेने तो जमीरला संपवतो. थिएटरात टाळ्या पडतात त्या इथे.

इथे आम्हाला प्लेटो आठवतो. ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात ग्लाउकॉन एक गोष्ट सांगतो. लिडियाच्या राजाच्या चाकरीत एक मेंढपाळ होता. गायजीसची गोष्ट म्हणून ती प्रसिद्ध आहे. भूकंपाने जमीन दुभंगते, तो खाली उतरतो, त्याला प्रेताच्या बोटात अंगठी सापडते. अंगठीचा खडा आत वळवला की माणूस अदृश्य. पुढे काय होतं? तो दरबारात शिरतो, राणीला वश करतो, तिच्या साथीने राजाला मारतो, गादी घेतो. प्रेम आणि खून एकाच अंगठीतून! ग्लाउकॉनचा प्रश्न असा: अशी अंगठी मिळाली तर सज्जन आणि दुर्जन यांच्यात काही फरक उरेल का? कोणी बघत नसेल तर न्यायाने कोण वागेल?

एक बारकावा सहसा कोणी लक्षात घेत नाही. गायजीस हा राजाच्या चाकरीतला माणूस आहे. आजच्या भाषेत सरकारी नोकर. अंगठी त्याला केवळ लोकांच्या नजरेतून सोडवत नाही, ती त्याला त्याच्या नोकरीतून सोडवते.

थरारकथेत ‘परदेश’ हीच अंगठी असते. पोलिसाचा अधिकार हद्दीचा असतो. इथला फौजदार दुसऱ्या जिल्ह्यात आरोपी पकडायला गेला तरी तिथल्या ठाण्यात नोंद करतो. देशाबाहेर तर त्याचा अधिकार शून्य. खरं म्हणजे परदेशात उतरलेला पोलीस हा साधा प्रवासी असतो. पण कथा उलटं सांगते. हद्द संपली म्हणजे अधिकार संपला असं ती म्हणत नाही, आता अडवणारं कोणी उरलं नाही असं म्हणते. पंचनामा नाही, वरिष्ठ नाही, न्यायदंडाधिकारी नाही. साधूने मुंबईत जे छप्पन वेळा केलं त्याला निदान एक खोटा कागद तरी लागत होता. परदेशात तोही नको.

वास्तवातला परदेश कसा असतो? अबू सालेम २००२ साली लिस्बनमध्ये पकडला गेला, सोबत अभिनेत्री मोनिका बेदी होत्या. म्हणजे परदेशातलं प्रेम आणि जोखीम खऱ्या आयुष्यात पोलिसाच्या नाही, फरारी आरोपीच्या वाट्याला आली! त्याला भारतात आणायला २००५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि तेही पोर्तुगालला लेखी हमी देऊन: फाशी नाही, पंचवीस वर्षांहून जास्त कैद नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की ही हमी पाळावी लागेल. यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उलट पुष्कळांना चीड आली. पण देशाबाहेर कायदा जातो तो असाच जातो, सही-शिक्क्यांनी, रडतखडत. १९८६ साली मुंबईचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे गोव्यात पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ हॉटेलात चार्ल्स शोभराजला पकडतात, जिवंत पकडतात. २०२५ मध्ये ती गोष्ट पडद्यावर आली ती विनोदी ढंगाने. हे बोलकं आहे.

कोणी म्हणेल, सर, मराठी वाचकाला कायद्याबाहेरचा भला माणूस नेहमीच आवडत आला. खरं आहे. बाबुराव अर्नाळकरांचा काळापहाड, झुंजार आमच्या पिढीने पुस्तकं लपवून वाचले. पण एक फरक आहे. काळापहाड सरकारचा पगार घेत नव्हता. तो बाहेरचा होता आणि तसं सांगून बाहेरचा होता. साधू आगाशेची गोष्ट आतल्या माणसाची आहे, आणि बाहेर गेल्यावरही तो स्वतःला आतलाच म्हणवतो.

हे सगळं आम्हाला निव्वळ पडद्याचं वाटत नाही, कारण हा चित्रपट आल्यावर अडीच-पावणेतीन वर्षांत, ११ नोव्हेंबर २००६ रोजी, वर्सोव्यात रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला पोलिसांनी मारलं. चकमक म्हणून नोंद झाली. त्याच्या वकील भावाने त्या दिवशीच अधिकाऱ्यांना तारा पाठवल्या होत्या, की माझ्या भावाला उचलून नेलं आहे. तार! आता बंदही झाली ती सेवा. पण ती तार म्हणजे अंगठी घातलेल्या माणसाच्या पायाचा ओला ठसा. माणूस दिसत नव्हता, ठसा दिसत होता. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप दिली. प्रदीप शर्मा तेव्हा सुटले, आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांनाही दोषी धरून जन्मठेप सुनावली. सतरा वर्षं गेली. मधल्या काळात एक महत्त्वाचा साक्षीदार साक्षीच्या तोंडावर नाहीसा झाला आणि नंतर त्याचं प्रेत मिळालं. सुटकेचा श्वास टाकावा असं यात काही नाही. पण त्या संध्याकाळी वर्सोव्यात काय झालं हे शेवटी सांगितलं ते न्यायालयाने, साक्षी-पुराव्यांनिशी सांगितलं.

आता चित्रपटाच्या शेवटाकडे येऊ, कारण आमचा आक्षेप तिथे आहे. जमीरच्या खुनानंतर निवृत्त आयुक्त प्रधान साधूला भेटतात. मोहन आगाशे यांनी ही भूमिका फार जबाबदारीने केली आहे. साधू त्यांना सांगतो की आपण अजूनही पोलीसच आहोत. जग त्याला फरारी समजतं, तो मात्र मनात वर्दी घालून आहे. नानांनी हे इतक्या शांतपणे म्हटलं आहे की पहिल्यांदा पाहताना विरोध सुचतच नाही. दुसऱ्यांदा पाहा. समोर कोण बसलं आहे? ज्याच्याकडे आता हुकूम द्यायचा अधिकार नाही असा माणूस. आणि बोलतो कोण? ज्याला हुकूम घ्यायचा अधिकार नाही असा. दोन पदं गेलेली माणसं बसून एक छोटं राज्य तयार करतात, ज्यात कायदा त्यांच्या मनात आहे आणि न्यायालय कुठेच नाही.

‘पोलीस’ हा शब्द स्वभावाचं वर्णन म्हणून वापरता येतो का? शूर, प्रामाणिक, निष्ठावान ही स्वभावाची नावं आहेत. पोलीस हे पदाचं नाव आहे. ते दुसऱ्याने दिलेलं असतं, काढून घेता येतं, आणि त्याच्या वापराचा जाब विचारता येतो. जाब गेला की उरतो तो हत्यार चालवण्यात तरबेज असा एक दुःखी विधुर. दिग्दर्शकाने तो विधुर आपल्याला दाखवला असता तर हा चित्रपट आमच्या मते थोर झाला असता. शेवटच्या दहा मिनिटांत त्याने विधुराला पुन्हा वर्दी चढवली, तीही अदृश्य.

प्लेटोने दहाव्या भागात सॉक्रेटिसच्या तोंडून ग्लाउकॉनला उत्तर दिलं आहे: अंगठी असो वा नसो, आत्म्याने न्यायानेच वागावं. साधूचा चाहता म्हणेल, तो तेच तर करतो, कोणी पाहत नसतानाही दुष्टालाच मारतो. इथेच चर्चा रंगेल असं वाटतं. आमचं म्हणणं एवढंच की कोण दुष्ट हे ठरवणारा, मारणारा आणि त्याचा साक्षीदार, तिन्ही एकच माणूस असेल तर त्याने अंगठी काढली होती की नव्हती हे आपल्याला कळायला मार्ग नाही. तुमचे प्रश्न आता घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर धरला आहे.